बाळ्या, निळंच घे

९ जानेवारी

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत थोडा रागही. तुझं पत्र मिळालं. अर्धं पान बायकोची चौकशी, पाव पान बाबांच्या गुडघ्याची, आणि माझ्यासाठी काय, तर समासात तिरकं लिहिलेलं ‘ताई, तू ठीक ना?’ मी ठीक आहे. समासात मावेन इतपत ठीक आहे.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी दुकान उघडायला ते माझ्याआधी हजर असतात. बोटं मात्र थरथरायला लागली, तेव्हापासून त्यांनी करवत खाली ठेवली ती ठेवलीच. पाट्यांची अक्षरं आता मीच कापते. ते आजूबाजूला फिरत राहतात आणि अक्षर कापून झालं की कडेवरून अंगठा फिरवून बघतात. तुझी बायकोही बरी आहे. तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर छापील चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. इतकी वर्षं मीठ कुठलं आणि साखर कुठली हे मला नुसतं कळत होतं, आता वाचताही येतं.

फोनवर बोल म्हणतोस. जहाज बंदराला लागलं की तुझा फोन येतो तो तिच्या फोनवर. तो माझ्या हातात येईपर्यंत ‘बोल लवकर, लाइन जाईल’ एवढंच उरलेलं असतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुमच्या कंपनीचं ऑफिस ते पुढच्या बंदरात पोचवतं, आणि मध्ये कुणी ऐकत नाही.

तर मशीन. दुकानाला लेझर मशीन घेऊन द्यायचं तुझ्या मनात आहे, आणि ‘कोणतं ते तुम्ही दोघी मिळून ठरवा’ असं लिहितोस. ‘दोघी मिळून’ हे शब्द समुद्रावर बसून लिहायला सोपे आहेत. तरी आम्ही गेलो. बाबा आले नाहीत, ‘मला त्यातलं काय कळतंय, तुम्ही बघा’ म्हणाले. बसमध्ये तुझ्या बायकोने हाताला धरून मला आधी बसवलं, म्हाताऱ्या माणसाला बसवतात तसं. मी पन्नाशीचीही नाही.

मशीन विकणारा तुझ्याच वयाचा असेल. पहिलं वाक्य तो माझ्याशी बोलला. मग तिने एक प्रश्न विचारला, आणि उरलेली सगळी वाक्यं तिच्याशी. ती लग्नाआधी नकाशे काढायच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होती, त्यामुळे तिला त्याची भाषा येते. मी पर्स धरून उभी होते.

मशीनं तीन प्रकारची आहेत. एक नुसतं धातूवर कोरतं. आपल्याकडे पितळी पाटी कोण मागतं, म्हणून ते बाद. दुसरं मोठं, कपाट आडवं पाडावं एवढं. त्यात काचेची नळी, नळी गार ठेवायला पाणी, पाण्याला पंप, आणि धूर बाहेर काढायला जाड पाइप. तो पाइप खिडकीतून सोडावा लागतो. आपल्या दुकानाला खिडकी एकच, आणि ती अडलेली आहे. तिसरं छोटं, निळ्या प्रकाशाचं. कोपऱ्यातल्या फळीवर मावतं, जवळ पंखा लावून दार उघडं ठेवलं की धुराचं भागतं.

बाळ्या, निळंच घे. लाकडावर अक्षरं सुंदर कोरतं, पातळ प्लायवूड कापतं, चामड्यावर नाव उठवतं. आवाज बेताचा. नव्याने शिकणाऱ्याने लहानापासून सुरुवात करावी. मोठं घेतलं आणि उद्या नळी फुटली, पंप बंद पडला, तर निस्तरणार कोण? तू तर तिकडे पाण्यात. बाबांच्या जिवाला या वयात तो घोर नको.

तुझ्या बायकोचंही हेच म्हणणं आहे. म्हणजे मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “ताई म्हणतील ते.” असं म्हणणाऱ्या माणसांच्या पोटात काय असतं ते मला कधी कळत नाही. पण म्हणाली हे खरं.

तब्येतीला जप. इंजिनापाशी कानात बोळे घालत जा.

तुझी,
ताई

ता. क. मशीनवाल्याने नमुने दिले होते. त्यातले लाकडाचे दोन बाबांना दाखवले. ते तिच्याकडे बघून “वा!” म्हणाले, जसे काही ते तिनेच कापले होते.


३ मार्च

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. मशीन पोचलं, हे तुला अर्थातच फोनवर कळलं असणार. कोपऱ्यातल्या फळीवर बसवलं आहे. मी सांगितलं होतं तसंच झालं, कुणाला कुठे हलावं लागलं नाही. माझं टेबल माझ्या जागी आहे.

दुकानात मात्र आता दोन कोपरे झालेत. एका कोपऱ्यात मी, करवत आणि भुसा. दुसऱ्या कोपऱ्यात तुझी बायको, मशीन आणि बाबा. हो, बाबा. मशीन चालू असताना डोळ्यांना नारिंगी गॉगल लावावा लागतो. तो लावून बाबा स्टुलावर तिच्या शेजारी बसतात, पोहायला निघाल्यासारखे दिसतात. मी शिकत होते तेव्हा ते माझ्यामागे उभे राहायचे. शेजारी कधी बसले नाहीत. त्यांच्या गुडघ्यामुळे बसतात असं मी स्वतःला समजावते, आणि मग आठवतं, माझ्यामागे ते अजूनही उभेच राहतात.

पहिलं मोठं काम एका निवृत्त मास्तरांच्या घराच्या पाटीचं होतं. ‘विश्रांती’ हा शब्द लाकडातून सलग कापून भिंतीवर बसवायचा. सुरुवातीला कॉम्प्युटरने शब्दाची पार वाट लावली. वेलांटी भलतीकडे, ‘श्र’चे दोन तुकडे. तिने चिकाटीने एकेक जुळवून आणलं, ते मी नाकारत नाही. पण टिंब राहिलं. तुला दुकानात कधी बसवता आलं नाही म्हणून सांगते. वरच्या रेघेला सगळी अक्षरं लोंबून राहतात, पण टिंबाला धरायला काही नसतं. म्हणून आपण टिंब आणि रेघ यांच्यामध्ये केसाएवढी पट्टी सोडतो. बाबा तिला देठ म्हणतात. देठ नसला तर टिंब गळून पडतं.

तिच्या चित्रात देठ नव्हता. मी झाडू घेऊन मागून चालले होते, पडद्यावर ते टिंब अधांतरी दिसलं. मी झाडत पुढे गेले.

मशीनने कापलं. तिने पाटी उचलली तर हातात ‘विश्राती’, आणि टिंब खाली फळीवर. मी मान वर करून बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घेईल. बाबांनी ते टिंब तळहातावर घेतलं आणि हसायला लागले. इतके हसले की गॉगल काढून डोळे पुसावे लागले. “सूनबाई, टिंबाला देठ लागतो गं,” म्हणाले, आणि कागदावर काढून दाखवला. माझं पहिलं टिंब पडलं होतं तेव्हा त्यांनी माझ्या हातातली करवत काढून घेतली होती आणि कित्येक दिवस मला नुसत्या सरळ रेषा कापायला लावल्या होत्या. मी शाळेत होते रे तेव्हा.

दुसऱ्यांदा तिने देठ ठेवला, पाटी नीट झाली. बाबा म्हणाले, “वा!”

मला या दुकानात कधी ‘वा’ मिळालेलं नाही. मला ‘हं’ मिळतं. अंगठा कडेवरून फिरतो, परत उलटा फिरतो, आणि नाकातल्या नाकात ‘हं’. आजवर मी त्यावर खूश होते, कारण याहून वेगळं काही मिळतं हे मला माहीतच नव्हतं. आणि ही काल आली, टिंब पाडलं, आणि वा.

हे तुला लिहायचं नव्हतं. माझ्या पोटात दुखतं म्हटलं तर तू पुढच्या बंदरातून औषध पाठवशील. त्यावर औषध नाही. तू बायकोला यातलं काही सांगू नकोस, म्हणजे झालं.

तुझी,
ताई


२० एप्रिल

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. आज घाईत लिहिते, पण बातमी चांगली आहे.

मोठ्या रस्त्यावर नवा दवाखाना झालाय, तिथल्या व्यवस्थापक बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. प्रत्येक खोलीबाहेर पारदर्शक अॅक्रिलिकची अक्षरं हवीत, काचेसारखी, भिंतीपासून जरा उचललेली. मशीनकडे बोट करून म्हणाल्या, “हे आहे ना, मग लवकर होईल.” तुझी बायको लगेच म्हणाली, “नाही, हे काम ताई हाताने करतात.” त्यानंतर त्या बाई माझ्याशी बोलल्या. पूर्ण वेळ माझ्याशीच.

खालच्या मजल्याची सगळी अक्षरं मी कापली. कापून, कानशीने घासून, ओल्या कागदाने, मग कापडाने. बाबा मशीन सोडून माझ्या टेबलापाशी आले, एकेका कडेवरून अंगठा फिरवला, आणि हं. तीन वेळा हं. तो दिवस माझा होता, मजेत गेला.

तेव्हा बघ, मशीनला सगळं येत नाही. निळा प्रकाश पारदर्शक वस्तूतून सरळ पलीकडे निघून जातो, त्याला पकडायला काही सापडतच नाही. मशीनवाल्याने सांगितलं होतं तसं. तुला कळवायचं राहून गेलं असेल.

मनगट थोडं सुजलंय. काम असलं की दुखणारच, त्याचं काही नाही.

तुझी,
ताई


११ जून

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. बाबा बरे आहेत, दुकान बरं चाललंय, मी बरी नाही.

तुझं पत्र आलं. या वेळी मला समासात नाही, मध्यावर जागा दिली आहेस, आणि एकच प्रश्न विचारलास. ‘ताई, निळं मशीन पारदर्शक कापत नाही हे तुला आधीच माहीत होतं, तर मग निळंच घे असं का लिहिलंस?’ तू लहानपणीही असाच होतास. भांडायचा नाहीस, नुसता विचारायचास.

सांगते. त्या दिवशी मशीनवाल्याने त्याच्या दुकानात मोठं मशीन चालू करून दाखवलं. पारदर्शक शीटमधून एक पान कापलं, झाडाचं पान, शिरांसकट. आणि माझ्या तळहातावर ठेवलं. गरम होतं. मी कडेवरून अंगठा फिरवला, सवयीने. बाळ्या, तशी कड मी दिवसभर घासून आणते, आणि घासूनही इतकी नितळ येत नाही. मशीनला घासायचं काम नाही, कड कापतानाच चकाकून बाहेर पडते. मला दिसलं की हे मशीन दुकानात आलं तर ते ती चालवणार, आणि बाबांचा अंगठा त्या कडेवरून फिरणार. ते पान मी पर्समध्ये टाकलं. बाबांना लाकडाचेच नमुने दाखवले.

आणि खिडकी. ती अडलेली आहे असं तुला लिहिलं. कशाने अडली आहे ते लिहिलं नाही. माझ्या टेबलाने अडली आहे. मोठं मशीन आलं असतं तर मला तिथून उठावं लागलं असतं. एवढंच कारण होतं. नळी, पंप, बाबांच्या जिवाचा घोर, ही सगळी वरची सजावट.

आता पुढचं. दवाखान्याच्या कामानंतर मला धाकधूक लागली. मशीनवाला चुकून बोलला असेल तर? एखाद दिवशी तिने पारदर्शक शीट ठेवून बघितली आणि कापली गेली तर? एका दुपारी बाबांना चष्म्याचा नंबर तपासायला घेऊन ती गेली. दुकानात मी एकटी. मी मशीन लावलं. तिला लावताना इतक्या वेळा बघितलंय की न बघितल्यासारखं करूनही पाठ झालंय. पारदर्शक तुकडा ठेवला, गॉगल घातला, आणि काय लिहावं ते सुचेना म्हणून पहिलं जे मनात आलं ते टाइप केलं. ‘हं’. मशीन पुढेमागे फिरलं, जळका वास आला, थांबलं. तुकडा उचलून उजेडात धरला तर कोरा करकरीत, ओरखडाही नाही. मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटीच हसले. तुकडा जागेवर ठेवला, मशीन पुसलं, टेबलाशी येऊन बसले.

खाली बघायचं मला सुचलं नाही. प्रकाश तुकड्यातून पार झाला होता, पण पुढे गेला कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बायकोने मशीनमध्ये काम ठेवायची सुटी फळी पुसायला उचलली, आणि तशीच थांबली. मग फळी आणून माझ्यासमोर ठेवली. लाकडावर काळंभोर, सुबक ‘हं’. टिंबासकट.

“ताई, हे तुम्ही केलंत?”

“पंखा नीट चालतो का बघत होते.”

“पारदर्शक शीट ठेवली होतीत ना?”

मी टेबलावरचा भुसा गोळा करायला लागले.

“मला विचारायचंत. ते आरपार जातं हे मला मशीनवाल्याच्या दुकानातच कळलं होतं. मीच विचारलं त्याला. तुम्ही तेव्हा ते पान पर्समध्ये टाकत होतात.”

मी तिलाच दरडावलं, “मग तेव्हा बोलली का नाहीस? ‘ताई म्हणतील ते’ कशाला म्हणालीस?”

“काय म्हणणार होते? मोठ्या मशीनला खिडकी लागते. खिडकीत तुम्ही बसता. नवरा जहाजावर, आणि मी येऊन सहा महिने होतायत तोच नणंदेला उठवून बसले, हे कुणाला पटलं असतं? तुम्हाला पटलं असतं? मला राग आला होता तुमचा. अजून आहे.”

“मग काढायचा होतास बाहेर.”

“आत्ता काढतेय ना.”

मला तेव्हा ती पहिल्यांदा जरा आवडली, हे तुला सांगून टाकते. पण फार वेळ नाही. तिने फळीवर बोट ठेवलं.

“आणि तुम्ही हेच का लिहिलंत? हे तर तुम्हाला मिळतंच. मला नाही मिळत.”

“तुला ‘वा’ मिळतं की.”

“वा ते चहालाही म्हणतात, ताई. शेजारच्या मुलीने चित्र काढून आणलं तरी म्हणतात. माझ्या पाटीवरून त्यांनी अजून एकदाही अंगठा फिरवलेला नाही. शेजारी बसतात ते मला येत नाही म्हणून बसतात. तुमचं अक्षर हातात घेतलं की मी तिथे आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहत नाही.” तिचा आवाज बारीक झाला होता. “मला तुमचा हेवा वाटतो. रोज वाटतो.”

बाळ्या, त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते, आता लपवून काय करायचंय. मला बरं वाटलं. तिचा चेहरा उतरला होता, डोळे भरले होते, आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. लाज वाटली, पण ती नंतर. आणि ती आली तेव्हासुद्धा एकटी आली नाही, गुदगुल्या तिच्याबरोबर होत्याच.

हे इथे थांबलं असतं तर मी तुला अजूनही काही लिहिलं नसतं. पण मागच्या आठवड्यात त्या दवाखान्याच्या बाई परत आल्या. वरच्या मजल्यांचीही अक्षरं हवीत, आणि लवकर हवीत. बाबांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. आता त्यावर पट्टा असतो. “माझ्या लेकीच्या हाताने एवढं होणार नाही,” म्हणाले. बाई म्हणाल्या, बाजारात दुसरीकडे मोठं मशीन आहे, तिथे विचारते. त्या गेल्यावर बाबांनी दारापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघितलं. मग तुझ्या बायकोला म्हणाले, “सूनबाई, ते मोठं मशीन तेव्हाच का नाही घेतलं?”

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. म्हणाली, “आमचं दोघींचं मिळून ठरलं, बाबा.”

बाबांनी मान हलवली. नवी आहे, अंदाज चुकला, असं त्यांना वाटलं. ते तोंडावर दिसत होतं. तिने ते त्यांना वाटू दिलं. आणि मी काय केलं, तर कानस उचलली आणि घासत बसले. झाडू घेऊन पुढे गेले होते, अगदी तशी.

ती मला वाचवायला बोलली की मला ओशाळं करायला, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. मी तिच्या जागी असते तर दोन्हीसाठी बोलले असते. पण मला झोंबलं ते वेगळंच. एवढ्या वर्षांनी बाबांच्या समोर माझी बाजू सावरायची वेळ आली, आणि ती तिने सावरली. मग इथून पुढे मी तिच्यावर जळायचं कोणत्या तोंडाने? तेवढंही माझ्याकडे उरू नये, याचा मला फार संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्समधलं पान काढलं आणि बाबांच्या हातात ठेवलं. सांगितलं, “हे मोठ्या मशीनचं. पहिल्या दिवशीच मिळालं होतं. मी दाखवलं नाही. निळं मी निवडलं, तिने नाही.”

ते माझ्यावर रागावले नाहीत. ऐकलं की नाही तेही मला सांगता येणार नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष त्या पानात होतं. उजेडाकडे वळून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. परत उलटा फिरवला. आणि म्हणाले, “हं.”

जे होऊ नये म्हणून मी इतकी उठाठेव केली, ते माझ्यासमोर, माझ्याच टेबलापाशी उभं राहून झालं. तुझी बायको दारात उभी होती. तिनेही ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं ते जिंकल्यासारखं नाही, घाबरल्यासारखं. मग बाबांनी विचारलं, “हे मशीन ठेवायला जागा कुठे आहे?” मी म्हटलं, “खिडकीत.” त्यांनी माझ्या टेबलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “बरं.” ‘मग तू कुठे बसशील?’ हे मला विचारलं नाही. विचारतील असं मला वाटलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तर आता नीट वाच. मोठं मशीन घे. निळं परत घेऊन बदलून देतात, मी स्वतः जाऊन विचारून आले. मशीनवाला म्हणाला, बाकीचं मी मॅडमशी बोलून घेतो. मॅडम म्हणजे मी नव्हे. दवाखान्याच्या बाईंना बाबांनी थोडं थांबायला सांगितलंय. त्या फार थांबणार नाहीत.

माझं टेबल मी अजून हलवलेलं नाही. आपणहून हलवणारही नाही, मी स्वतःला पुरती ओळखते. मशीन दारात येऊन उभं राहिलं की हलवावंच लागेल, म्हणून तू घाई कर. ती ते चांगलं चालवेल. एक दिवस तिच्या कापलेल्या अक्षरावरून बाबांचा अंगठा फिरेल, आणि त्या दिवशी मला जेवण जाणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा कुणी मला काय झालं म्हणून विचारायला नको.

अजून एक. या पत्राच्या मागोमाग माझं दुसरं पत्र येईल. त्यात मी लिहीन की घाई करू नकोस, नळी नाजूक असते, पाणी गळतं, बाबांना आवाज सोसायचा नाही, पावसाळा जाऊ दे. सगळी कारणं पटण्यासारखी असतील. मी ती आत्ता हे लिहितानाच जुळवायला लागले आहे. ते पत्र मानू नकोस, बाळ्या. हे मान.

तुझी जळकुकडी,
ताई